रन म्हणजे फक्त धावणे नाही! मोबाइल, लॅपटॉप आणि मुलाखतीत भेटणारे ‘रन’चे अर्थ

शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलंय, रन म्हणजे धावणे. मग हातात स्मार्टफोन येतो आणि तोच फोन सांगायला लागतो, ‘स्टोरेज स्पेस रनिंग आउट’. आता जागा कुठे धावत निघाली? लॅपटॉप स्क्रीनवर म्हणतो, ‘युवर पीसी रॅन इनटू अ प्रॉब्लेम’. ट्रेनचं ॲप म्हणतं, ‘रनिंग लेट’. मुलाखत घेणारी व्यक्ती म्हणते, ‘रन मी थ्रू युवर प्रोजेक्ट’. या चारही ठिकाणी प्रत्यक्षात कोणीच पळत नाही.

बहुतेक वेळा आपण अंदाजाने काम भागवतो आणि ते चालूनही जातं. पण काही मेसेज असे असतात की तिथे ‘रन’चा अर्थ चुकला तर बॅटरी, डेटा आणि कधी कधी पासवर्डही हातचे जातात. म्हणून या लेखात रोजच्या वापरातले ‘रन’चे अर्थ एकेक करून पाहू. जिथे फोन किंवा लॅपटॉपचा संबंध आहे तिथे जरा जास्त थांबू, बाकीचे अर्थ पटकन उरकू.

‘रन’ची रूपं आणि त्याचा पसारा

रन हे अनियमित क्रियापद आहे. वर्तमानकाळात रन किंवा रन्स, भूतकाळात रॅन, आणि तिसरं रूप पुन्हा रन. म्हणजे ‘द ॲप रॅन’ आणि ‘द ॲप हॅज रन’ ही दोन्ही वाक्यं बरोबर. ‘रन्ड’ असा शब्द नाही.

या चिमुकल्या शब्दाचा पसारा मात्र प्रचंड आहे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचे संपादक पीटर गिलिव्हर यांनी या एकाच क्रियापदाच्या नोंदीवर सुमारे नऊ महिने काम केलं आणि त्याचे तब्बल ६४५ अर्थ निघाले. एकेकाळी सर्वात लांबलचक नोंदीचा मान ‘सेट’ या शब्दाकडे होता. यंत्रं आली, कारखाने आले, मग कॉम्प्युटर आले, आणि प्रत्येक नव्या गोष्टीचं ‘चालणं’ सांगायला इंग्रजीने ‘रन’लाच कामाला लावलं. त्यातून यादी वाढत गेली.

६४५ आकडा बघून घाबरू नका. रोजच्या जगण्यात आठ-दहा अर्थ कळले की काम होतं, आणि त्या सगळ्यांमधून साधारण एकच धागा जातो.

तो एक धागा, आणि मराठी माणसाला पडणारा पेच

धागा असा: एखादी गोष्ट सुरू झाली आणि न थांबता पुढे जात राहिली, की इंग्रजीत तिला ‘रन’ म्हणता येतं. पाय पुढे जात राहिले तर माणूस धावतो. पाणी पुढे जात राहिलं तर ते वाहतं. इंजिन फिरत राहिलं तर गाडी सुरू असते. दुकान रोज उघडत राहिलं तर धंदा चालतो. आणि साठा कमी कमी होत गेला तर तो संपत येतो.

पेच पुढे आहे. मराठीत आपल्याकडे ‘चालणे’ आणि ‘चालवणे’ असे दोन वेगळे शब्द आहेत. पंखा चालतो, पण गाडी आपण चालवतो. पहिल्यात गोष्ट आपोआप चालते, दुसऱ्यात चालवणारा कोणीतरी असतो आणि जबाबदारी त्याची असते. इंग्रजीत या दोन्हींसाठी एकच ‘रन’. ‘द प्रोग्राम इज रनिंग’ म्हणजे प्रोग्राम चालतोय. ‘रन द प्रोग्राम’ म्हणजे तुम्ही तो चालवा.

पूर्ण लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: स्क्रीनवर ‘रन’ दिसला की आधी विचारायचं, ‘हे चालतंय असं सांगतायत, की मला चालवायला सांगतायत?’ पहिलं असेल तर ती माहिती आहे. दुसरं असेल तर तुमच्याकडे परवानगी मागितली जातेय.

अर्थ १: धावणे

हा आपल्या ओळखीचा. ‘शी रन्स एव्हरी मॉर्निंग’, ती रोज सकाळी धावते. क्रिकेटमधला रनही इथूनच आला, कारण दोन विकेटमधलं २२ यार्डांचं अंतर धावून पार केलं की एक रन मिळतो. आपण त्याला ‘धाव’ म्हणतो तेही त्यामुळेच. गंमत अशी की चौकार-षटकाराला कोणी धावत नाही, तरी मोजायचे रनच. म्हणजे शब्द मूळ अर्थापासून कसा सुटत जातो ते क्रिकेटमध्येच दिसतं.

अर्थ २: यंत्र किंवा ॲप चालू असणे

फोनवर सर्वात जास्त भेटतो तो हा अर्थ. यात तीन गोष्टींची नेहमी सरमिसळ होते:

इन्स्टॉल: ॲप फोनच्या स्टोरेजमध्ये येऊन बसलं. ते काही करतंच आहे असं नाही.
ओपन: तुम्ही आयकॉन दाबला आणि ॲप समोर आलं.
रन: ॲपचा कोड आत्ता काम करतोय. ॲप समोर दिसत असो वा नसो.

शेवटचं महत्त्वाचं. गाणी ऐकताना तुम्ही स्क्रीन बंद करता, तरी गाणं वाजत राहतं. ॲप डोळ्यांसमोर नाही, पण रन होतंय. यालाच ‘रनिंग इन द बॅकग्राउंड’ म्हणतात, म्हणजे पडद्यामागे चालू असणे.

उलटही खरं आहे. रिसेंट ॲप्सच्या यादीत दिसणारं प्रत्येक ॲप रन होत असतंच असं नाही. पुष्कळदा फोनने ते फक्त मेमरीत तसंच ठेवलेलं असतं, म्हणजे पुन्हा उघडलं की झटकन उघडेल. त्यामुळे दर पाच मिनिटांनी सगळी ॲप्स स्वाइप करून उडवायची सवय फारशी कामाची नाही. उडवलेलं ॲप पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला फोनला उलट जास्त मेहनत पडते. ॲप अडकलं असेल, प्रतिसाद देत नसेल, तेव्हा मात्र जरूर बंद करा.

आता एक खरा प्रश्न, जो अँड्रॉइड तुम्हाला विचारतो: ‘लेट ॲप ऑलवेज रन इन बॅकग्राउंड?’ खाली लिहिलेलं असतं की असं केल्याने बॅटरी लवकर उतरू शकते. इथे ‘ऑलवेज’ आणि ‘रन’ हे दोन शब्द एकत्र वाचा. फोन विचारतोय, ‘या ॲपला पडद्यामागे कायम चालू ठेवू का?’ मेसेजिंग, अलार्म किंवा हातातल्या स्मार्टवॉचच्या ॲपला हो म्हणण्यात अर्थ आहे, कारण ते झोपलं तर नोटिफिकेशन उशिरा येतील. पण वॉलपेपरचं ॲप, टॉर्चचं ॲप किंवा झटपट कर्ज देणारं एखादं अनोळखी ॲप हे मागत असेल तर त्याला पडद्यामागे कायम राहायचंय कशाला? नाही म्हणा. आधी हो म्हटलं असेल तर सेटिंगमध्ये त्या ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरीच्या पर्यायात ते बदलता येतं.

याच घरातला आणखी एक शब्द म्हणजे रनटाइम. ॲप प्रत्यक्ष चालू असतानाचा काळ म्हणजे रनटाइम. २०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ६ च्या आधी ॲप इन्स्टॉल करतानाच सगळ्या परवानग्यांची यादी एकदम दाखवली जायची. घ्या तर सगळं घ्या, नाहीतर ॲप सोडा! अँड्रॉइड ६ पासून कॅमेरा, माइक, कॉन्टॅक्ट अशा नाजूक परवानग्या ॲप चालू असताना, गरज पडेल तेव्हा विचारल्या जाऊ लागल्या. त्यांनाच रनटाइम परमिशन म्हणतात. पुढे अँड्रॉइड १० मध्ये लोकेशनसाठी ‘फक्त ॲप वापरत असताना’ असा पर्याय आला. म्हणजे ॲप उघडं असणं आणि ॲप पडद्यामागे रन होत असणं यातला फरक थेट तुमच्या हातात दिला गेला. हा फरक माहीत नसेल तर त्या पर्यायाचा उपयोग शून्य.

‘रन्स ऑन’ म्हणजे कशावर चालतं: ‘धिस फोन रन्स ऑन अँड्रॉइड’, ‘द रिक्षा रन्स ऑन सीएनजी’. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ मध्ये जावा ही प्रोग्रामिंग भाषा बाजारात आणली तेव्हा तिचं ब्रीदच होतं, ‘राइट वन्स, रन एनीव्हेअर’. एकदा लिहा, कुठेही चालवा.

अर्थ ३: चालवणे, म्हणजे हुकूम देणे

इथे नीट लक्ष द्या, कारण यातच धोका आहे.

‘रन अ स्कॅन’ म्हणजे तपासणी सुरू करा. ‘रन द कोड’ म्हणजे लिहिलेला कोड चालवून बघा. विंडोजमध्ये ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ असा पर्याय असतो. त्याचा अर्थ, या प्रोग्रामला घरमालकाचे अधिकार देऊन चालवा. प्रोग्राम विश्वासाचा असेल तरच हा पर्याय वापरायचा, कारण घरमालकाला कुठल्याही खोलीत जाता येतं.

विंडोजच्या लॅपटॉपवर विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबली की ‘रन’ नावाची छोटी चौकट उघडते. त्यात जे लिहाल किंवा पेस्ट कराल ते एंटर दाबताच कॉम्प्युटर करायला लागतो. मधे फारसं कोणी अडवत नाही.

याचाच फायदा घेणारी एक फसवणूक २०२४ पासून जगभर पसरली. सायबर सुरक्षेच्या जगात तिला क्लिकफिक्स म्हणतात. तुम्ही पिक्चर, गेम किंवा फुकट सॉफ्टवेअर शोधत एखाद्या वेबसाइटवर जाता. समोर ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा’ असं पान येतं. नेहमीसारखं बस किंवा सिग्नलचे फोटो निवडायला न सांगता ते तीन पायऱ्या देतं: विंडोज आणि आर दाबा, कंट्रोल आणि व्ही दाबा, एंटर दाबा.

इथे काय झालं ते बघा. तुम्ही त्या पानावरचं बटण दाबलंत तेव्हाच त्या वेबसाइटने एक हुकूम गुपचूप तुमच्या क्लिपबोर्डवर कॉपी केला होता. विंडोज आणि आरने रनची चौकट उघडली, कंट्रोल आणि व्हीने तो हुकूम तिथे चिकटवला, आणि एंटरने तुम्ही स्वतः तो चालवला. त्यातून ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरणारा प्रोग्राम लॅपटॉपमध्ये येऊ शकतो. चोराने कुलूप तोडलंच नाही, दार आतून तुमच्याकडूनच उघडून घेतलं.

लक्षात ठेवा, खरा कॅप्चा कधीही रनची चौकट उघडायला सांगत नाही. कोणतीही वेबसाइट ‘हे पेस्ट करून रन करा’ म्हणाली की पान बंद करा. आणि असं काही आधीच झालं असेल तर लॅपटॉपचं इंटरनेट लगेच बंद करा, दुसऱ्या सुरक्षित फोनवरून आधी ईमेलचा आणि मग बाकीचे पासवर्ड बदला, बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर जितक्या लवकर फोन कराल तितकं चांगलं.

अर्थ ४: संपत येणे

‘रन आउट’, ‘रन लो’, ‘रन शॉर्ट’ हे तिघे भाऊ. बॅटरी, डेटा, स्टोरेज, पैसे, वेळ, गॅस, काहीही संपत आलं की यांच्यापैकी एक येतो.

‘रनिंग लो’ म्हणजे कमी होत चाललंय, पण अजून आहे.
‘रनिंग आउट’ म्हणजे संपायला आलंय, आता काहीतरी करा.
‘रॅन आउट’ किंवा ‘हॅज रन आउट’ म्हणजे संपलं.

एका ‘इंग’चा फरक आहे, पण कामाचा आहे. गुगलच्या खात्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांना मिळून १५ जीबी जागा फुकट मिळते. ‘रनिंग आउट’चा इशारा आला तेव्हा जुने व्हिडिओ उडवले तर काहीच बिघडत नाही. पण इशारा रोज बाजूला सारत राहिलात आणि जागा खरंच ‘रन आउट’ झाली, तर त्या खात्यावर नवे ईमेल येणंच बंद होतं. ऐन परीक्षेच्या हॉल तिकिटाच्या किंवा ऑफर लेटरच्या दिवसांत हे किती महागात पडेल याचा विचार करा.

आणि हो, क्रिकेटमधला रनआउट वेगळा. तो फलंदाज बाद होण्याचा प्रकार. ‘आय रॅन आउट ऑफ डेटा’ म्हणजे डेटा बाद झाला असं नाही, माझा डेटा संपला. इथे मधला ‘ऑफ’ विसरू नका. काय संपलं ते ‘ऑफ’च्या पुढे येतं.

अर्थ ५: अचानक समोर येणे

‘रन इनटू’ म्हणजे चालता चालता एखाद्या गोष्टीवर जाऊन आदळणे. ‘आय रॅन इनटू माय टीचर’ याचा अर्थ सरांना धडक दिली असा घेऊ नका, अचानक सर भेटले एवढाच तो आहे. तसंच ‘युवर पीसी रॅन इनटू अ प्रॉब्लेम अँड नीड्स टू रीस्टार्ट’ म्हणजे कॉम्प्युटरपुढे अडचण उभी राहिली, तो पुन्हा सुरू करावा लागेल.

हा मेसेज जगाने एकदम पाहिला तो १९ जुलै २०२४ रोजी. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडल्या. विमानतळांवर रांगा लागल्या, भारतात काही ठिकाणी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

अर्थ ६: सांभाळणे, चालवणे

‘शी रन्स अ बेकरी’, तिची बेकरी आहे, ती चालवते. ‘हू रन्स धिस पेज?’, हे पेज कोण चालवतं? ‘रन ॲड्स’ म्हणजे पैसे देऊन जाहिराती चालू ठेवणे. फेसबुकवर एखाद्या पेजच्या ट्रान्स्परन्सी विभागात गेलात तर ते पेज सध्या ॲड्स रन करतंय का, हे दिसतं. इन्स्टा किंवा फेसबुकवरच्या अनोळखी दुकानातून काही मागवण्याआधी पेज कधी सुरू झालं आणि ते कोण रन करतं हे तिथे बघून घ्या. कालपरवा उघडलेलं पेज आज ८० टक्के सूट देत असेल तर सांभाळून.

अर्थ ७: वाहणे, पसरणे, जाणे

इथे मराठीत प्रत्येक वेळी वेगळा शब्द लागतो:

‘द टॅप इज रनिंग’: नळ चालू राहिलाय.
‘माय नोज इज रनिंग’: नाक गळतंय.
‘द कलर रॅन’: कपड्याचा रंग गेला.
‘द लाइन रन्स फ्रॉम रोहा टू ठोकूर’: कोकण रेल्वेचा मार्ग रोह्यापासून ठोकूरपर्यंत जातो.
‘डायबिटीस रन्स इन द फॅमिली’: मधुमेह घराण्यात आहे.
‘ही इज रनिंग अ फीवर’: त्याला ताप आहे. तापात धावतोय असं समजू नका!

अर्थ ८: वेळ आणि वेळापत्रक

‘द ट्रेन इज रनिंग टेन मिनिट्स लेट’, गाडी दहा मिनिटं उशिरा आहे. रेल्वेच्या ॲपमधलं ‘रनिंग स्टेटस’ म्हणजे गाडी आत्ता कुठे आहे याची स्थिती. माणसांनाही हेच लागू: ‘आय ॲम रनिंग लेट’ असा मेसेज आला तर मित्र धावत येतोय असं नाही, तो बहुतेक अजून घरीच आहे.

‘द ऑफर रन्स टिल संडे’, ऑफर रविवारपर्यंत आहे. ‘द मीटिंग रॅन ओव्हर’, मीटिंग ठरलेल्या वेळेपेक्षा लांबली. ‘द फिल्म इज स्टिल रनिंग’, पिक्चर अजून लागलेला आहे. १९९५ चा ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ मुंबईच्या मराठा मंदिरात वर्षानुवर्षं चालला, त्याला इंग्रजीत ‘लाँग रन’ म्हणतात. पिक्चरच्या माहितीत दिसणारा ‘रन टाइम’ मात्र वेगळा, तो म्हणजे पिक्चर किती मिनिटांचा आहे.

अर्थ ९: निवडणुकीला उभं राहणे

अमेरिकेत उमेदवार ‘रन फॉर प्रेसिडेंट’ करतो, म्हणजे धावतो. ब्रिटनमध्ये तोच ‘स्टँड फॉर इलेक्शन’, म्हणजे उभा राहतो. आणि आपल्याकडे उमेदवार निवडणुकीला उभाही राहतो आणि ती लढवतोही. काम एकच, प्रत्येक भाषेचं चित्र वेगळं.

मुलाखत आणि ऑफिसमध्ये ऐकू येणारे ‘रन’

कॉलेज संपून नोकरी शोधणाऱ्यांसाठी हा भाग खास. सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये ही वाक्यं रोज कानावर पडतात, आणि पहिल्यांदा ऐकताना मराठी माध्यमातून आलेली हुशार मुलंही क्षणभर गडबडतात. विषय येत असतो, फक्त प्रश्न कळत नाही.

‘रन मी थ्रू युवर रेझ्युमे’: तुमच्याबद्दल सुरुवातीपासून, क्रमाने, थोडक्यात सांगा. इथे एकेक ओळ वाचून दाखवायची नसते.
‘रन इट बाय युवर मॅनेजर’: मॅनेजरच्या कानावर घाला, त्यांचं मत घ्या.
‘लेट्स डू अ ड्राय रन’: खऱ्या कार्यक्रमाआधी रंगीत तालीम करू. कोडिंगच्या तोंडी परीक्षेत मात्र ‘ड्राय रन’ म्हणजे कॉम्प्युटर न वापरता, कागदावर एकेक ओळ चालवून प्रत्येक व्हेरिएबलची किंमत काय होते ते दाखवणे.
‘रन द नंबर्स’: हिशोब मांडून बघा.
‘द सर्व्हर इज अप अँड रनिंग’: सर्व्हर सुरू झाला, सुरळीत आहे.
‘हिट द ग्राउंड रनिंग’: आल्या आल्या कामाला लागणे. नोकरीच्या जाहिरातीत हे दिसलं तर समजा, शिकवायला फार वेळ मिळणार नाही.
‘गिव्हिंग मी द रनअराउंड’: टोलवाटोलवी करणे. कस्टमर केअरचा अनुभव असेल तर अर्थ वेगळा सांगायला नको.

अर्थ कळला नाही तर शांतपणे विचारा, ‘डू यू मीन अ शॉर्ट समरी?’ असं विचारण्यात कमीपणा काहीच नाही. चुकीच्या प्रश्नाचं लांबलचक उत्तर देण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

मागे लागणारे छोटे शब्द, एका नजरेत

रन अवे: पळून जाणे.
रन आफ्टर: मागे लागणे.
रन अक्रॉस: शोधत नसताना सापडणे.
रन अप: बिल किंवा उधारी वाढवत नेणे.
रन डाउन: बॅटरी उतरणे, इमारत असेल तर मोडकळीला येणे.
रन ओव्हर: गाडीखाली घेणे; मीटिंग असेल तर लांबणे.
रन अ रिस्क: धोका पत्करणे.

‘बँक रन’ हे नाम बातम्यांमध्ये येतं. बँक बुडणार या भीतीने सगळ्यांनी एकदम पैसे काढायला जाणे म्हणजे बँक रन. पूर्वी यासाठी बँकेबाहेर रांगा लागायच्या, आता मोबाइल आणि इंटरनेट पुरतं. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून ९ मार्च २०२३ या एका दिवसात ग्राहकांनी ४२ अब्ज डॉलर काढायला घेतले आणि दुसऱ्या दिवशी बँक बंद झाली.

अर्थ ओळखायची सोपी पद्धत

यादी पाठ करू नका. समोर ‘रन’ आला की तीन प्रश्न विचारा:

पहिला, रन कोण किंवा काय होतंय? माणूस, यंत्र, पाणी, साठा की वेळ? अर्धा अर्थ इथेच कळतो.
दुसरा, ‘रन’च्या पुढे कोणता छोटा शब्द आहे? आउट, इनटू, ऑन, थ्रू यांनी अर्थ पार बदलतो.
तिसरा, चालतंय की चालवायला सांगतायत? चालवायला सांगत असतील तर कोण सांगतंय आणि कशासाठी, हे कळल्याशिवाय बटण दाबायचं नाही.

भाषांतराचं ॲप वापरत असाल तर एकटा ‘रन’ टाकू नका, पूर्ण वाक्य टाका.

आणि हे सगळं फार विचित्र वाटत असेल तर आपलंच ‘लागणे’ आठवा. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, पिक्चर लागतो, फोन लागत नाही, आंबा गोड लागतो आणि एखाद्या गोष्टीचं वेडही लागतं. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला हे ऐकून घाम फुटतो. आपण मात्र एकदाही अडखळत नाही, कारण ते यादीतून शिकलेलो नसतो, वापरातून शिकलेलो असतो. ‘रन’चंही तसंच.

नेहमी पडणारे प्रश्न

‘रन’ आणि ‘ओपन’ एकच का?
नाही. ओपन म्हणजे ॲप समोर आणणे, रन म्हणजे त्याचं काम सुरू असणे. समोर नसलेलं ॲपही रन होत असू शकतं.

‘युवर फोन इज रनिंग स्लो’ असं वेबसाइटवर आलं तर काय करायचं?
काही नाही, ते पान बंद करायचं. तुमचा फोन हळू चालतोय की नाही याचं निदान एखादी जाहिरात करू शकत नाही. खाली दिलेलं ‘क्लीनर’ ॲप तुमच्या गळ्यात मारणं हाच सहसा तिचा उद्देश असतो.

‘रन’ला मराठीत एकच शब्द कोणता?
एकच असा नाही. यंत्राला चालणे, हुकमाला चालवणे, साठ्याला संपणे, पाण्याला वाहणे. पण एकच निवडायचा झाला तर ‘धावणे’पेक्षा ‘चालणे’ जास्त ठिकाणी बसेल.

पुढच्या वेळी फोनवर ‘रन’ दिसला की ओके दाबायच्या आधी दोन सेकंद थांबा आणि मनातल्या मनात त्याचं मराठी करून बघा: चालतंय, की चालवू? हा लेख घरातल्या मोठ्यांनाही वाचून दाखवा, कारण ‘रन करा’ असं सांगणारे फोन आणि मेसेज त्यांनाही येतात.